झाकणाखालची जागा

आपल्या इंदुरात जुन्या घरांतून मोटारींच्या गोष्टी निघाल्या की त्या हटकून होळकरांच्या मोटारखान्यापाशी जाऊन थांबतात. अमेरिकेत इंडियानापोलिस येथे तयार झालेली आणि इंग्लंडात गर्नी नटिंग यांच्या कारखान्याने जिच्यावर अंग चढवले, ती यशवंतराव महाराजांची ड्यूसेनबर्ग आजही जगातल्या मोटारशौकिनांच्या तोंडी आहे. तिच्या लांबलचक बॉनेटखाली आठ सिलिंडरांचे, जवळजवळ सात लिटरांचे इंजिन होते. बॉनेट उघडताच काय दिसत असेल? पाहणाऱ्याचे डोळे प्रथम इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावर जात असणार. कोणतेही इंजिन घ्या, त्याचा चेहरा म्हणजे ते झाकण. आपला मिस्त्री त्याला ‘टॅपेट कव्हर’ म्हणतो.

परंतु आज सांगावयाचे आहे ते राजेरजवाड्यांच्या मोटारीविषयी नव्हे. अमेरिकेतल्या कारखान्यातील कामगाराने, नुकत्याच नोकरीला लागलेल्या पोराने, हप्त्याहप्त्याने पैसे भरून घेतलेल्या मोटारीविषयी आणि तिच्या दोन पत्र्याच्या झाकणांविषयी सांगावयाचे आहे. झाकण ही गोष्ट लिहिण्याजोगी आहे असे गेल्या उन्हाळ्यापर्यंत मलाही वाटले नव्हते.

माझा धाकटा भाचा मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या उपनगरात राहतो. हुद्द्याने हिशेबनीस, पण शनिवार उजाडला की त्याचे हात काळे. त्याच्या घराला लागून मोटार ठेवावयाची जी खोली आहे, तीत १९६९ सालची एक शेव्हरोले कॅमॅरो उभी आहे. मी पोहोचलो त्या दिवशी सामान उतरवण्याआधी त्याने मला तीच दाखवली. बॉनेट वर होते, इंजिनाचे माथे उघडे होते आणि दोन नारिंगी झाकणे बाकावर पालथी पडली होती.

“मामा, आल्या आल्या तुम्हांला हेच दाखवतो म्हणून रागावू नका,” तो म्हणाला, “पण गेले पंधरा दिवस ही झाकणे बसत नाहीत.”

“बसत नाहीत म्हणजे? चार स्क्रू तर आहेत!”

“स्क्रू बसतात. झाकण बसत नाही.”

या वाक्याचा अर्थ मला कळावयास दोन शनिवार लागले.

आधी या मोटारींची जात सांगितली पाहिजे. अमेरिकेत त्यांना मसल कार म्हणतात. आपण पैलवानी मोटार म्हणू. १९६४ साली जनरल मोटर्सच्या पाँटियॅक विभागाने मध्यम आकाराच्या मोटारीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरांचे मोठे इंजिन बसवून ती जीटीओ या नावाने विकावयास काढली. मध्यम मोटारीत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन घालावयाचे नाही, असा कंपनीचाच दंडक होता. जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते मूळ इंजिन म्हणून न देता ‘मागाल तर मिळेल’ अशा जादा सामानाच्या यादीत घातले आणि दंडकाला बगल दिली. मोटार तुफान खपली. मग सगळेच कारखाने त्या वाटेने गेले. फोर्डची मस्टँग १९६४ च्या एप्रिलात आली. तिला तोंड द्यावयास शेव्हरोलेने १९६६ च्या सप्टेंबरात कॅमॅरो आणली.

हा पैलवानी जमाना फार टिकला नाही. विम्याचे हप्ते चढले, १९७० साली स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ च्या मोटारींपासून जनरल मोटर्सने इंजिनांचा दाब उतरवला आणि १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले. सात-आठ वर्षांचाच खेळ तो! पण ज्यांनी तेव्हा त्या मोटारी रस्त्यावर पाहिल्या, त्यांच्या मनातून त्या गेल्या नाहीत. डेट्रॉइटची वुडवर्ड अॅव्हेन्यू हा त्यांचा हमरस्ता. याच रस्त्याच्या एका मैलावर १९०९ साली काँक्रीट घातले गेले होते. साठीच्या दशकात तरुण मंडळी रात्री तेथे मोटारी पळवीत. १९९५ पासून दर ऑगस्टात तेथे जुन्या मोटारींची जत्रा भरते. भाच्याला यंदा त्या जत्रेत आपली गाडी न्यावयाची होती. हातात सहा आठवडे होते आणि झाकणे बाकावर पालथी होती.

आता इंजिनाच्या माथ्यावर काय असते ते पाहू. आपल्याकडच्या अॅम्बॅसॅडरचे टॅपेट करताना मिस्त्रीच्या खांद्यावरून ज्यांनी डोकावले असेल, त्यांना हे चटकन कळेल. खाली कॅमशाफ्ट फिरतो. त्याच्या उंचवट्याने एक काठी वर ढकलली जाते, तिला पुशरॉड म्हणतात. पुशरॉड वर आला की तो तराजूच्या दांडीसारख्या एका आडव्या तुकड्याचे एक टोक उचलतो. दांडीचे दुसरे टोक खाली जाते आणि व्हॉल्व्ह दाबून उघडते. ही दांडी म्हणजे रॉकर. अॅम्बॅसॅडरच्या १४८९ घनसेंटिमीटरांच्या इंजिनात असे आठ रॉकर एका लांब दांड्यावर ओवलेले असत आणि त्यांच्यावर एकच झाकण दोन नटांनी बसे. भाच्याच्या कॅमॅरोचे इंजिन ३५० घनइंचांचे, म्हणजे ५.७ लिटरांचे आहे. अशी जवळजवळ चार अॅम्बॅसॅडर इंजिने त्यात मावतील. आठ सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात चार-चार असे मांडलेले, सोळा व्हॉल्व्ह, सोळा रॉकर आणि दोन झाकणे.

शेव्हरोलेचे हे इंजिन प्रथम आले ते १९५५ च्या मोटारींत, एड कोल मुख्य अभियंता असताना. तेव्हा ते २६५ घनइंचांचे होते. त्यात रॉकरांसाठी दांडा नव्हताच. प्रत्येक रॉकर पोलादी पत्रा ठोकून केलेला, पळीच्या वाटीसारखा. हेडमध्ये एकेक खुंटी उभी, खुंटीवर रॉकर, रॉकरच्या खोबणीत अर्धगोल गोटी आणि वरून एक नट. तेल पोकळ पुशरॉडमधून वर चढते आणि रॉकरच्या पोटात सांडते. ही युक्ती मूळ पाँटियॅकमधील क्लेटन लीच या अभियंत्याची. हलकी, स्वस्त, करावयास सोपी. लाखो इंजिने या ठोकीव पत्र्यावर धावली. आणि तो रॉकर ठेंगणा असल्यामुळे त्यावरचे झाकणही कारखान्याने ठेंगणेच केले. जेवढी गरज, तेवढीच जागा. कारखाना एक तसू जागासुद्धा फुकट देत नाही.

पुढे हौशी मनुष्य इंजिन जोरात पळवू लागतो. कॅमशाफ्ट अधिक उचल देणारा घालतो, मग व्हॉल्व्ह वेळेवर मिटावेत म्हणून स्प्रिंगा कडक घालतो. त्या कडक स्प्रिंगांचा भार ठोकीव रॉकरवर येतो. गोटी आणि खोबण घासून तापतात, निळ्याकाळ्या पडतात. दाबून बसवलेल्या खुंट्या हेडमधून उपटून येऊ लागतात. यावर उपाय म्हणजे रोलर रॉकर. तो बहुधा जाड अॅल्युमिनियमचा असतो. मधे गोटीऐवजी बारीक सुयांचे बेअरिंग आणि व्हॉल्व्हला टेकणाऱ्या टोकाला एक लहानसे चाक. घर्षण कमी, उष्णता कमी, उचल बिनचूक. कोणी १.५ पटीचा मूळ हिशेब बदलून १.६ पटीचाही घेतात. म्हणजे कॅमने पुशरॉड ०.३०० इंच उचलला तर व्हॉल्व्ह ०.४५० ऐवजी ०.४८० इंच उघडतो.

भाच्याने हेच केले होते. कॅमशाफ्ट नवा, स्प्रिंगा नव्या, स्क्रूच्या खुंट्या नव्या आणि सोळा चकचकीत रोलर रॉकर. पण प्रत्येक नव्या रॉकरच्या माथ्यावर साध्या नटाऐवजी एक लांबट नट येतो, त्याच्या पोटात कुलपासारखा एक स्क्रू असतो. त्याला पॉलीलॉक म्हणतात. सुधारलेला रॉकर जाड, त्यावरचे हे कुलूप उंच आणि झाकण मात्र ५० वर्षांहून जुने, ठेंगणे. भाच्याने उत्साहाच्या भरात पातळ पॅकिंग लावून झाकणे बसवली आणि इंजिन सुरू केले.

“टिक् टिक् आवाज यायला लागला, मामा. मला वाटले टॅपेट ढिले राहिले. पुन्हा उघडून कसले. पुन्हा टिक् टिक्. पुन्हा कसले.”

येथेच खरा धोका होता. ढिला टॅपेट वाजतो हे खरे, पण न वाजणारा टॅपेट वाजतो असे समजून तो कसत गेले, तर एक वेळ अशी येते की व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. मिटला नाही की जळत्या वाफा त्याच्या कडेने निसटतात आणि व्हॉल्व्ह जळतो. झाकणाच्या दुखण्यावर टॅपेटचे औषध देऊन भाचा आपल्या हाताने हेडची माती करावयास निघाला होता.

त्याला वाचवले शेजारच्या म्हातारबुवांनी. सारा जन्म मोटारीच्या कारखान्यात काढून निवृत्त झालेला हा गृहस्थ संध्याकाळी कुत्र्याला फिरवावयास निघाला असता आवाज ऐकून आत आला. काही बोलला नाही. चालू इंजिनाच्या झाकणावर त्याने दोन बोटे टेकवली, जशी वैद्यबुवा नाडीवर टेकवतात. एका जागी बोटांना खालून टिचक्या लागत होत्या. “बंद कर,” एवढेच तो म्हणाला.

झाकण उघडून उलटे केले तेव्हा सगळे कळले. या जुन्या झाकणांच्या आत पत्र्याच्या लहान लहान जिभा डाग देऊन चिकटवलेल्या असतात. माथ्याला उडालेले तेल त्यांच्यावरून ओघळून थेंबथेंब रॉकरवर पडावे, एवढे त्यांचे काम. त्यांतील तीन जिभांवर पॉलीलॉकने चकाकते चरे पाडले होते. एक जीभ वाकून डागापाशी हलत होती. आणखी तासभर इंजिन चालते तर ती तुटून खाली पडली असती. रॉकरांच्या गर्दीत पत्र्याचा सुटा तुकडा म्हणजे काय, हे सांगावयास नको. तेलातही बारीक पोलादी कण चमकत होते. तेल काढले, फिल्टर बदलला आणि झाकणे बाकावर पालथी पडली ती मी येईपर्यंत.

आता कोणी म्हणेल, उंच झाकणे विकत मिळतात, ती आणावी आणि मोकळे व्हावे. मीही तेच म्हणालो. भाच्याने मला खाली वाकवून दाखवले. चालकाच्या बाजूच्या झाकणामागे ब्रेकचा मोठा गोल डबा आहे, पाय हलका पडावा म्हणून इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणारा. उंच झाकण त्याला भिडते. निदान ते वर उचलून काढता येत नाही आणि टॅपेट पाहण्यासाठी दर वेळी ब्रेकचा डबा सोडावा लागतो. दुसऱ्या बाजूला अल्टरनेटरच्या पकडी. वातानुकूलन असलेल्या गाडीत कंप्रेसरचीही भर. म्हणजे झाकणाला आतून रॉकर ढकलतो आणि बाहेरून सगळा शेजार. मधे जी जागा उरते तीच त्याची.

आणि दुसरेही एक कारण होते, ते भाच्याने पुष्कळ आढेवेढे घेऊन सांगितले. “ज्यांच्याकडून गाडी घेतली, त्यांनी ही झाकणे पन्नास वर्षे सांभाळली, मामा. रंग दोनदा त्यांनीच दिलेला. आतले इंजिन मी बदलले, ते बाहेरून दिसत नाही. पण झाकण बदलले तर बॉनेट उघडल्यावर ती त्यांची गाडी राहणार नाही.”

जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला हे समजावयास वेळ लागत नाही. आत नळ घ्या, दिवे घ्या, फरशी बदला. पण दर्शनी दरवाजाला हात लावताना मन कचरतेच.

पुढच्या शनिवारी म्हातारबुवा हातात मातीचा एक गोळा घेऊन आले. मला आपली गणपतीची शाडू आठवली. ही मात्र मुलांच्या खेळण्यातली, तेलात मळलेली, न वाळणारी माती. त्यांनी सोळाही रॉकरांच्या दोन्ही टोकांवर आणि प्रत्येक पॉलीलॉकच्या माथ्यावर मातीच्या गोळ्या बसवल्या. झाकणाला आतून तेलाचा हलका हात फिरवला, म्हणजे माती चिकटावयाची नाही. पॅकिंग कोरडेच ठेवले, झाकणे स्क्रूंनी बसवली. इंजिन सहज फिरावे म्हणून आठही स्पार्क प्लग काढले. मग भाच्याला मोठा पाना देऊन म्हणाले, “हाताने फिरव. सावकाश. पूर्ण दोन फेरे.”

दोनच का, असे मी विचारले. चार झटक्यांच्या इंजिनात खालचा क्रँक दोन वेळा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा फिरतो आणि प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा उघडून मिटतो. व्हॉल्व्ह मिटलेला असताना रॉकरचे त्याच्याकडचे टोक उंच असते. तो उघडला की पुशरॉडकडचे टोक उंच होते. एकाच अवस्थेत पाहून झाकण बसले म्हणणाऱ्याला दुसरी अवस्था रस्त्यात दिसते.

झाकणे उघडली. माती कोठे जाड राहिली होती, कोठे चपटी झाली होती आणि चालकाच्या बाजूला दोन ठिकाणी तर कागदासारखी पातळ. म्हातारबुवांनी दाढीच्या पात्याने एकेक गोळी उभी कापली आणि तिची जाडी मोजली. किमान एक षोडशांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरहून थोडी अधिक जागा सगळीकडे हवी. त्याच्या दुप्पट मिळाली तर मनुष्याने निश्चिंत झोपावे. भाचा म्हणाला, बहुतेक ठिकाणी एवढी आहे. म्हातारबुवांनी मान हलवली. “हे पॅकिंग अजून दबलेले नाही. बुचाचे पॅकिंग स्क्रू कसल्यावर दबते. तेवढे वजा कर. मग सांग.” वजा केल्यावर सोळापैकी पाच रॉकर नापास झाले.

मग उपायांचा विचार सुरू झाला. मला त्यात विशेष वाटले ते हे की, प्रत्येक उपायाला त्याची स्वतःची किंमत होती आणि म्हातारबुवा उपायाआधी किंमत सांगत.

पहिला उपाय, आखूड पॉलीलॉक. टॅपेट लावून झाल्यावर वर उरणारा भाग कमी होतो. पण कुलपाच्या आट्या खुंटीवर पुरेशा बसल्या पाहिजेत. आट्या कमी पडल्या तर नट सुटून झाकण फाडील.

दुसरा, जाड पॅकिंग. बुचाचे साधे पॅकिंग तीन षोडशांश इंचाचे असते, जाड मिळते ते पाच षोडशांश इंचाचे. तीन मिलिमीटरांची भर फुकट पडते. पण जाड पॅकिंग जोराने आवळले की भाकरीच्या पिठासारखे कडेने बाहेर येते आणि तेल गळावयास लागते. शिवाय स्क्रू लांब लागतात.

तिसरा, हेड आणि झाकण यांच्या मधे अॅल्युमिनियमची चौकट. जागा भरपूर मिळते, पण एका सांध्याचे दोन सांधे होतात. गळण्याच्या जागा दुप्पट!

चौथा, आतल्या तेलाच्या जिभा काढून टाकणे. ठोकीव रॉकरच्या गोटीला वरच्या थेंबांचा आधार होता. रोलर रॉकरला पुशरॉडमधून चढणारे तेल पुरते, तेव्हा जिभांचे प्रयोजन संपले. मात्र त्या हातोडीने चेपावयाच्या नाहीत. चेपलेला डाग आज ना उद्या सुटतो. डागावर बारीक भोक पाडून जीभ स्वच्छ उचलावी, कड घासावी आणि झाकण साबणाच्या गरम पाण्याने दोनदा धुवावे. ज्यांची झाकणे ओतीव अॅल्युमिनियमची आहेत, त्यांना आतली भिंत घासून जागा करता येते. पण तेही झाकण गाडीवरून काढूनच. घासलेल्या धातूची पूड इंजिनात जाणे म्हणजे अन्नात काच जाणे.

“मग हेही काढू?” भाच्याने झाकणाच्या एका कोपऱ्यात आतून बसवलेल्या पत्र्याच्या आडोशाकडे बोट दाखवले. तोही एका रॉकरच्या जवळ येत होता.

म्हातारबुवा त्या दिवशी एकदाच मोठ्याने बोलले. “नाही! तो नाही.”

त्या आडोशाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. इंजिनात जळणाऱ्या वायूंतील काही भाग पिस्टनच्या कडेने खाली निसटतो. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. पन्नाशीच्या दशकात लॉस एंजेलिसवर विषारी धुक्याचे सावट होते. हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने त्याचे मूळ मोटारींच्या व कारखान्यांच्या धुरात आणि उन्हात आहे असे दाखवून दिले. त्यानंतर १९६१ च्या मोटारींपासून कॅलिफोर्नियात निसटलेले वायू पुन्हा इंजिनातच ओढून जाळण्याची व्यवस्था आली आणि पुढे ती सर्वत्र झाली. त्यासाठी एक लहानसा हवेचा व्हॉल्व्ह झाकणात बसवतात. त्याच्या खाली आडोसा नसेल तर वायूबरोबर रॉकरांनी उडवलेले तेलही ओढले जाते, प्लग काळे होतात आणि मागून निळा धूर निघतो. मनुष्य समजतो इंजिन गेले. इंजिन गेलेले नसते, झाकणातला एक पत्रा गेलेला असतो. जीभ आणि आडोसा, दोन्ही पत्र्याचेच तुकडे. एकाचे काम संपले होते, दुसऱ्याचे चालू होते. हा भेद न कळता जो कात्री चालवतो तो जागा करतो खरा, पण घर बिघडवतो.

शेवटी ठरले ते असे. जिभा काढावयाच्या, आडोसा ठेवावयाचा, पॉलीलॉक थोडे आखूड घ्यावयाचे आणि पॅकिंग जाड लावावयाचे. चार उपायांपैकी कोणताही एक भरपूर न वापरता तीन थोडेथोडे. नवे पॉलीलॉक डाकेने यावयास आठवडा गेला. मधल्या दिवसांत म्हातारबुवांनी भाच्याला झाकणांच्या कडा सरळ करावयास लावल्या. पन्नास वर्षांत कोणी कोणी स्क्रू पिळून पिळून भोकांभोवतीचा पत्रा खळग्यासारखा दाबला होता. अशा कडेवर कसलेही पॅकिंग लावा, स्क्रूपाशी ते चिरडते आणि दोन स्क्रूंच्या मधे सैल राहते. लाकडाच्या ठोकळ्यावर पालथे धरून हलक्या हातोडीने एकेक भोक सपाट केले. मग मातीची परीक्षा पुन्हा झाली, दोन फेरे पुन्हा फिरवले, सगळ्या गोळ्या पुन्हा कापल्या. या वेळी सगळे पास.

झाकण बसवण्याचे अखेरचे काम पाहण्यासारखे होते. चिकटद्रव फक्त झाकणाच्या कडेला लावला, हेडकडची बाजू कोरडी ठेवली, म्हणजे पुढे उघडताना पॅकिंग झाकणाबरोबर अखंड निघते. चार स्क्रूंखाली पत्र्यावर भार पसरावा म्हणून लांबट पट्ट्या घातल्या. स्क्रू एकदम कोणताच कसला नाही. सगळे बोटांनी, मग थोडे थोडे आळीपाळीने. कसण्याचा जोर सुमारे पन्नास इंच-पौंड, म्हणजे बरणीचे झाकण फिरवावयास लागतो त्याहून फारसा अधिक नाही. भाच्याने सवयीने पान्याला हिसडा द्यावयास घेतला तेव्हा म्हातारबुवांनी त्याचे मनगट धरले. “गळू नये म्हणून जो आवळतो, त्याचेच गळते,” ते म्हणाले.

गळणे ही तेथे केवळ अस्वच्छतेची बाब नसते. झाकणाच्या अगदी खाली जळका धूर वाहून नेणाऱ्या बिडाच्या नळ्या असतात, त्या भयंकर तापतात. वरून तेलाचा थेंब पडला की प्रथम वास, मग धूर आणि नशीब फिरले तर आग. ठेंगण्या कडेच्या जुन्या हेडांचा हा दोष कारखान्यालाही ठाऊक होता. १९८७ पासून शेव्हरोलेने या इंजिनाच्या हेडची कड उंच केली आणि झाकणाचे बोल्ट कडेवरून काढून मध्यावर आणले. तीस वर्षे लक्षावधी लोकांनी ते तेल पुसले, तेव्हा कोठे हा बदल झाला!

इंजिन सुरू झाले. म्हातारबुवांनी आधी कान दिला नाही, दोन बोटे दिली. एका झाकणावर, मग दुसऱ्यावर, पुढून मागे. मग माझा हात धरून माझीही बोटे तेथे टेकवली. झाकण थरथरत होते, उबदार होत होते, पण आतून कोणी टिचकी मारीत नव्हते. सोळा रॉकर तेथे वर-खाली नाचत होते आणि त्यांच्या व माझ्या बोटांच्या मधे पातळ पत्रा व दोन-तीन मिलिमीटर मोकळी हवा होती. एवढ्याशा हवेसाठी तीन आठवडे गेले होते.

परत आल्यावर मी आमच्या ओळखीच्या एका वयस्क मिस्त्रीला ही हकीकत सांगितली. अॅम्बॅसॅडर होत्या तोवर त्याने त्याच दुरुस्त केल्या. २०१४ साली त्या तयार होणे थांबले. रोलर रॉकर त्याने पाहिलेले नाहीत. पण मातीच्या गोळ्यांपाशी येताच तो हसला. म्हणाला, “साहेब, नवा सामान कोणीही टाकतो. झाकण लावताना कळते कोणी काय केले ते.”

ऑगस्ट संपता संपता भाच्याचे पत्र आले. वुडवर्डच्या जत्रेत दिवसभर मुंगीच्या पावलाने गाडी चालवली, इंजिन तापले, पण खाली अंथरलेल्या पुठ्ठ्यावर तेलाचा डाग नाही. जुने मालक भेटावयास आले होते. बॉनेट वर करावयास सांगितले, बराच वेळ पाहत उभे राहिले आणि एवढेच म्हणाले की, रंग पुन्हा द्यावयास झाला आहे. “मामा,” भाच्याने शेवटी लिहिले होते, “आत काय काय बदलले ते मी त्यांना सांगितलेच नाही. त्यांनीही विचारले नाही. झाकण त्यांचेच होते.”